राणीचे भास

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराळ मुलखात एक राजा राज्य करत होता. आज बोलायचं आणि उद्या नाकारायचं, ही त्याची खोड.

राणीच्या वडिलांनी लग्नात तिला आपलं सागाचं रान आंदण दिलं होतं. "या रानाला कुऱ्हाड लागणार नाही," असा शब्द राजाने सगळ्यांदेखत दिला होता. पण एके दिवशी रानात कुऱ्हाडी चालू लागल्या. राणी संतापून दरबारात आली.

राजा हसला. "असा शब्द मी कधी दिला? राणीसाहेब, तुम्हाला हल्ली भास होतात."

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. मग हे रोजचंच झालं. राणी ओरडायची, भांडी फेकायची, आणि जितकी ओरडायची तितकी लोकांना वेडी वाटायची. शेवटी तिलाच शंका आली, खरंच माझं डोकं फिरलंय का?

तिला लहानाची मोठी केलेली म्हातारी दाई म्हणाली, "लेकी, दिवे लागले की दिवसभराचं लिहून ठेवत जा. कोण काय बोललं, तुला काय वाटलं, सगळं. आणि तू काय केलंस तेही लिही. स्वतःला सूट देऊ नकोस."

राणी भूर्जपत्रांवर लिहू लागली. आधी नुसत्या शिव्याच उतरल्या. लेखणी इतकी रुतायची की पान फाटायचं. एका संध्याकाळी तिने लिहिलं, 'आज राजावरचा राग दासीवर काढला. तिच्या कानाखाली मारली.' लिहिलेलं वाचून ती शरमली. उठली आणि दासीची माफी मागून आली. राग काही गेला नाही. पण तो नेमका कुणावर आहे, कशासाठी आहे, हे तिला आता स्वच्छ कळलं.

राजाला या लिखाणाचा सुगावा लागला. त्याने ती सगळी पानं मागवली आणि भर दरबारात शेगडीत टाकली.

"आता सांगा, काय आठवतंय?"

सगळे तिच्या किंकाळीची वाट पाहू लागले. राणी ओरडली नाही.

"खुशाल जाळा. तुम्हाला दाखवायला मी लिहिलंच नव्हतं. लग्नाच्या मांडवात, माझ्या वडिलांचा हात हातात घेऊन तुम्ही शब्द दिलात आणि मोडलात. मला भास होत नाहीत, महाराज. मला राग आलाय."

ओरडणाऱ्या राणीला हसणं सोपं होतं. आज कुणालाच हसू येईना. म्हातारा प्रधान उठला. खाली मान घालून म्हणाला, "मी होतो मांडवात. राणीसाहेब खरं बोलताहेत." मग दुसरा उठला, तिसरा उठला.

राजाला कुऱ्हाडी थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच्या शब्दावर कुणी विसंबेना. राणी आपल्या रानात राहायला गेली. निम्मं रान तुटलेलं होतं. त्याबद्दल तिने राजाला कधीच क्षमा केली नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: जो रोज स्वतःपाशी खरं लिहितो, त्याचं मन दुसऱ्याच्या खोट्याने डळमळत नाही.