धड बसलेला ना धड उभा

फार फार मागची गोष्ट. किती मागची ते विचारू नका. तेव्हा वर्षं मोजणारे शहाणे जन्मले नव्हते, आणि आता जन्मलेत ते मोजण्यात चुकतात. चष्मा पुसून वाचणारे आजोबा, तुम्हालाच म्हणतोय.

एका गावात एक कुंभार होता. गावाची रीत अशी, की पोळ्याला चावडीवर मातीचा एक मोठा बैल पुजायचा, आणि तो या कुंभाराच्या घरानंच घडवायचा. बैल कसा? चार पायांवर उभा, मान ताठ, शेपूट सरळ. बाप तसाच घडवी, आजाही तसाच. हा मान गेला तर घराण्याची पत गेली.

एका वर्षी काय झालं कोण जाणे. कुंभारानं बैलाचे पाय घडवायला घेतले आणि हातांनी ते दुमडून टाकले. मोडून पुन्हा घडवले, पुन्हा दुमडले. हात म्हणत होते, याला बसव. डोकं म्हणत होतं, उभा कर. कुंभारानं हातांकडे पाहिलं. मग डोक्याकडे पाहायला गेला, पण स्वतःच्या डोक्याकडे माणूस पाहणार कसा? तो नुसताच बावरून बसला.

बायकोला म्हणाला, "अगं, मला बसलेला बैल करावासा वाटतोय. हे दुखणं म्हणायचं का इच्छा?"

"ताप आहे का अंगात?"

"नाही."

"मग इच्छा असेल," बायको म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

कुंभाराचं समाधान होईना. तो दारातल्या गाढवाकडे गेला. त्या काळी गाढवांना बोलता येई, आणि ती विचारल्याशिवाय बोलत नसत. तुमच्याआमच्यापेक्षा बरी.

गाढव म्हणालं, "मी जरा बसलो की तू काठी घेतोस, आणि बैलाला बसवू का म्हणून मलाच विचारतोस? बसव बाबा. नाहीतर नको बसवू."

शेवटी तो गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याकडे गेला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं आणि डोळे मिटले. कुंभाराला वाटलं, विचार करतोय. तो झोपला होता. जाग आल्यावर म्हणाला, "दोघांचंही मन राख." कोणा दोघांचं, ते काही बोलला नाही. पुन्हा झोपला.

कुंभारानं हातांचंही मन राखलं आणि डोक्याचंही. पुढचे दोन पाय उभे केले, मागचे दोन बसवले.

पोळ्याच्या सकाळी बैल चावडीवर आला. लोकांनी पाहिलं, आणि जी हसाहस झाली म्हणता!

"अरे, हे कुत्रं कुणाचं?"

"शिंगं आलेलं कुत्रं आहे, जपून. भुंकतंही आणि ढुशीही देतं."

पाटील मात्र हसला नाही. म्हणाला, "संध्याकाळच्या पूजेला नीट बैल आण. नाहीतर पुढच्या सालापासून शेजारच्या गावचा कुंभार आहेच."

कुंभार घरी आला आणि मातीसमोर डोकं धरून बसला. "सगळे हसले गं," तो म्हणाला.

"कशाला हसले? बसलेल्याला का उभ्याला?"

कुंभार सकाळची हसाहस आठवू लागला. बसलेल्याला कोणी हसलं नव्हतं. उभ्यालाही नव्हतं. हसले ते मधल्या जोडाला.

म्हणून त्याला सगळं लख्ख कळलं, असं समजू नका. भीती होतीच. उभा बैल केला तर मान राहणार होता, हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तरी त्यानं माती घेतली, आणि चारही पाय दुमडले. मान जराशी वळवली. डोळे अर्धे मिटले. रवंथ करणारा, निवांत बसलेला बैल झाला.

संध्याकाळी तो बैल चावडीवर आला. पाटील म्हणाला, "आपल्यात बैल उभा पुजतात."

कुंभार म्हणाला, "वर्षभर तो उभाच असतो, पाटील. आज मानेवर जू नाही. आज तरी बसू दे त्याला."

मग एक म्हातारा नांगऱ्या पुढं झाला. त्यानं बैलापुढं पुरणपोळी ठेवली आणि बैलाच्या मानेवरून हात फिरवला, अगदी खऱ्या बैलाच्या फिरवतात तसा. त्याच्यामागून अर्ध्या गावानं नमस्कार केला. उरलेलं अर्धं गाव कुरकुरत घरी गेलं.

पाटलानं पुढच्या साली शेजारच्या गावाहून उभा बैल आणवलाच. पण बसलेल्यालाही नको म्हणायचा त्याला धीर झाला नाही. तेव्हापासून त्या चावडीवर दोन बैल पुजतात, आणि खरा कोणता यावर लोक अजून भांडतात. कुंभाराला विचारलं तर तो म्हणे, "मला काय ठाऊक? यंदा हात म्हणतायत, त्याला पाणी पिताना कर."

बोध एवढाच: मन गोंधळलेलं असलं तरी चालेल, पण बदलायचं तर पुरतं बदलावं, भीत भीत केलेला अर्धा बदल कोणालाच पटत नाही.