दगडाचा हुंकार

त्या माळावर टिटव्यांचं राज्य होतं, आणि त्या राज्यात हुंकार मिळाल्याशिवाय बोलणं पुरं झालं असं कुणी मानत नसे. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं 'हूं' म्हणायचं. 'हूं' आलं नाही की सांगणारा थांबे, मान वळवून बघे आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागे. त्यामुळे साधी साधी बोलणीसुद्धा लांबत. किडे कुठं निघालेत आणि वारा कुठून लागतो, एवढं सांगण्यात अर्धी सकाळ जाई. पण त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. बोलण्याखेरीज माळावर दोनच कामं होती, अंडी उबवणं आणि पहारा करणं.

अंडी उघड्यावरच असत. जमिनीत उथळसा खळगा, त्याच्या कडेनं खडे आणि आत मातकट, ठिपक्याठिपक्यांची चार अंडी. दगडांत ठेवली तर दगडच वाटावीत अशी. सगळी भिस्त त्यावरच होती. जोडीतला एक अंड्यांवर बसे आणि दुसरा टेकाडावर उभा राही. मुंगूस दिसलं की पहाऱ्यावरचा हाक घाली. ती शेजारचा उचले, त्याची पलीकडचा, आणि सगळा माळ मिळून असा काही कलकलाट करी की मुंगूस बिचारं ओशाळून निघून जाई.

एका वर्षी तळं बरंचसं आटलं आणि त्याच्या गाळातून काळे, गुळगुळीत, अंड्याएवढे दगड वर आले. भुरीकाकू नावाची एक वयस्क टिटवी होती. तिची नजर अधू झाली होती. पाणी पिऊन परत फिरताना ती घरटं समजून त्यातल्याच एका दगडावर बसली. दगडासारखी अंडी घालणाऱ्यांच्या हातून ही चूक कधी ना कधी व्हायचीच. सकाळभर ती पोटाखालच्या दगडाला आपली गाऱ्हाणी सांगत राहिली. तिच्या अंगाची ऊब हळूहळू त्याच्यात उतरली, आणि दगड म्हणाला, "हूं."

आधी सगळे पोट धरून हसले. मग एकेक जण नुसतं बघून येतो म्हणून तळ्याकडे गेला आणि येताना पंखाखाली दगड घेऊन आला.

दगडाच्या हुंकारात नाव ठेवायला जागा नव्हती. तो मध्येच उडून जात नसे. हे कालच सांगितलंस, असं म्हणत नसे. स्वतःचं काही सांगायला घेत नसे. त्याला फक्त ऊब लागे, आणि तीही जित्या अंगाची; उन्हात कितीही तापला तरी मुकाच. दिवसातून तीन-चार वेळा त्याला पोटाशी धरलं नाही तर तो गार पडे. कधी कधी कुणी काही बोललं नसतानाही तो आपणहून 'हूं' करी. मग टिटवी चोचीतला किडा टाकून धावत येई आणि दगडासमोर वाट बघत उभी राही. काहींना तर तो गप्प असतानाही बोलल्याचा भास होऊ लागला.

पंखाखाली दगड घेऊन फार उडता येत नाही. टिटव्या चालू लागल्या. चालण्यात तरी काय वाईट आहे, असं प्रत्येकीनं आपापल्या दगडाला विचारलं, आणि दगडाला ते पटलं.

ठिपकीनं त्या वर्षी पहिल्यांदाच अंडी घातली होती. तिचा जोडीदार टेकाड्या. माळावर सगळ्यांच्या आधी टेकाड गाठायचा म्हणून त्याला ते नाव पडलेलं. सुरुवातीला दोघं रोज ऊन उतरलं की समोरासमोर बसून एकमेकांना दिवस सांगत. मग तिला दगड मिळाला, पाठोपाठ त्यालाही मिळाला. पुढंही ती दोघं ऊन उतरलं की दिवस सांगायला बसतच होती. फक्त तोंडं दोन दिशांना असत. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. कुणी विचारलं असतं तर दोघांनीही आमचं बरं चाललंय असंच सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

एका दुपारी टेकाड्या पहारा सोडून घरट्यापाशी आला.

"अगं, करवंदीच्या जाळीपाशी माती उकरलेली दिसली," तो म्हणाला. "मुंगसाचंच काम वाटतंय. आज अंड्यांवरून हलू नकोस."

"हूं," ठिपकी म्हणाली.

हुंकार मिळाला, म्हणजे बोलणं पोचलं. रीतीप्रमाणे त्याला पुढं काही विचारायचं नव्हतं. तो टेकाडावर परतला आणि जाळीची सगळी हकिगत आपल्या दगडाला नीट, बैजवार सांगू लागला. ठिपकी त्या वेळी आपल्या दगडाला सांगत होती की हल्ली टेकाड्या आपल्याशी काही बोलतच नाही.

थोड्या वेळानं तहान लागली म्हणून ती दगड घेऊन पाण्याकडे चालत गेली, आणि मुंगूस आलं. टेकाड्यानं ते पाहिलं. पाहिल्याबरोबर सांगितलंही. दगड "हूं" म्हणाला, आणि महत्त्वाचं सांगून झाल्यावर जीव जसा हलका होतो तसा त्याचा झाला. हाक घालायची तेवढी राहून गेली. आजूबाजूच्या चार-पाच जणांनीही मुंगूस पाहिलं होतं, आणि त्यांनीही ते वेळच्या वेळी आपापल्या दगडांना कळवलं होतं.

ठिपकी परत आली तेव्हा खळग्यात तीन फुटकी कवचं होती. चौथं अंडं खड्यांत घरंगळलं होतं, म्हणून वाचलं. ती बराच वेळ तिथं उभी राहिली. आपल्या आत काहीतरी मोठं व्हायला हवं होतं, असं तिला वाटत होतं, आणि ती त्याची वाट बघत होती. ते झालं नाही. मग तिनं दगडाला सांगितलं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळेला ती हकिगत तिला दुसऱ्या कुणाची तरी वाटू लागली. तरीही सवयीनं तिनं ती शेवटपर्यंत सांगितली.

दुसऱ्या दिवशी भुरीकाकू भेटायला आली. तिचा दगड मागंच कुठंतरी हरवला होता आणि अधू नजरेला दुसरा सापडत नव्हता. नाहीतर तीही एवढ्या लांब चालत आली नसती. तिनं उरलेल्या अंड्याला कान लावला आणि आतली हालचाल ऐकली.

"हे आता एक-दोन दिवसांत बोलू लागेल," काकू म्हणाली. "पहिलटकरीण आहेस म्हणून सांगते. ते आतून बोललं की बाहेरून हुंकार द्यायचा. नाही मिळाला तर बाहेर कुणी नाही असं समजून ते गप्प होतं, मग फुटत नाही. आणि मिळाला तर ज्याचा मिळाला ती आई. पुढं ते त्याच आवाजाला उठतं आणि त्याच आवाजामागं जातं. परका आवाज आला की अंग चोरून पडून राहतं. मग आपलंच पिलू आपल्याला दिसत नाही बघ, पायाखाली असलं तरी."

ठिपकीनं "हूं" म्हटलं. काकूनं तिच्याकडे निरखून पाहिलं. या माळावर 'हूं' मिळाल्यावर पुन्हा तेच सांगणं म्हणजे ऐकणाऱ्याचा अपमान असे. काकूनं तो केला.

"पोरी, दगड दोन दिवस लांब ठेव. हुंकार तुझा जाऊ दे."

या वेळी मात्र ते ठिपकीच्या आत पोचलं. तिला हे पिलू हवं होतं. गेलेल्या तिघांबद्दल जे वाटायचं राहून गेलं होतं ते सगळं या एकामुळे तरी वाटेल, अशी तिला आशा होती. काकू गेल्यावर तिनं दगड दहा पावलांवर, काटेरी झुडपाखाली नेऊन ठेवला आणि अंड्यावर येऊन बसली.

बसल्या जागेवरून झुडूप दिसत होतं. दगड दिसत नव्हता, पण तो कुठं आहे ते तिला माहीत होतं. तो गार पडला असेल. जास्त वेळ गार राहिला तर कायमचाच मुका होत असेल का, हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं. आत्ता त्यानं 'हूं' केलं असेल तर? ती उठली, नुसती बघून आली. पुन्हा बसली. पुन्हा उठली, आणि आलेच आहे तर म्हणून त्याला थोडा वेळ पोटाशी धरून ऊब दिली. चार खेपा झाल्यावर तिच्या लक्षात आलं की या जाण्यायेण्यात अंडं गार पडतंय. हे बरं नव्हे. तिनं शांतपणे विचार केला आणि दगड आणून अंड्याशेजारी खळग्यात ठेवला. आता उठायलाच नको. यात अंड्याचंच भलं होतं.

मग दगड दिवसभर आपण कसा लांब ठेवला होता, ते ती त्याला सांगू लागली. सांगता सांगता पोटाखालून एक अगदी बारीक आवाज आला.

"पी."

ठिपकीनं चोच उघडली. पण तेवढ्यात दगड म्हणाला, "हूं."

अंडं जरा थांबलं आणि पुन्हा बोललं. दगडानं पुन्हा उत्तर दिलं. अंड्याचा आवाज आता मघापेक्षा धीट होता, आणि त्याच्या 'पी'मध्ये दगडाचा 'हूं' उतरू लागला होता. ठिपकी आपली पाळी येण्याची वाट बघत राहिली, पण त्या दोघांच्या मध्ये तिच्या हुंकाराला जागाच सापडेना. एकदा तिनं घाईनं "हूं" म्हणून पाहिलं, तर अंडं दचकून गप्प झालं. ती घाबरली आणि लगेच चोच मिटून बसली. दगडानं हुंकार दिला आणि अंड्याचं बोलणं पुन्हा सुरू झालं. चालू बोलणं मोडण्यात काय अर्थ, असं तिला वाटलं. खरं म्हणजे तिला सुटल्यासारखंही वाटलं होतं, कारण दोन दिवस जागचं न हलता एकाच आवाजाकडे कान लावून बसायचं दडपण तिच्या मनावर होतं. आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय याची तिला थोडी लाज वाटली. आज राहू दे, उद्यापासून आपण देऊ, असं तिनं ठरवलं आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी ऊन फार कडक होतं. अशा उन्हात टिटव्या पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवून येतात आणि त्या ओल्या पिसांनी अंड्याला गारवा देतात. ठिपकी निघाली. पिलानं अधूनमधून काही म्हटलं तर उत्तर मिळावं म्हणून तिनं दगड मुद्दाम अंड्याच्या उबेला टेकवून ठेवला. पंखाखाली ओझं नव्हतं, तरी ती चालतच गेली. उडायचं तिला सुचलंच नाही.

तळ्यात उरलेल्या पाण्याभोवती पुष्कळ टिटव्या होत्या. जी ती आपल्या दगडाशी बोलत होती. ठिपकीला कुणाशी बोलावं ते कळेना. दगडाशिवाय तिचा पंख रिकामा रिकामा लागत होता. पिसं भिजली तरी ती थोडा वेळ तिथंच बसून राहिली आणि मग आली तशी चालत परतली.

खळग्यात कवच दोन तुकडे होऊन पडलं होतं. आत पिलू नव्हतं.

तिनं सगळीकडे पाहिलं. माती उकरलेली नव्हती, पिसं पडली नव्हती, मुंगसाचा मागमूस नव्हता. म्हणजे पिलू इथंच कुठंतरी होतं. तिनं "हूं" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. माळभर मातकट, ठिपक्याठिपक्यांचे खडे पसरले होते आणि त्यातला एकही हलला नाही. काकूनं काय सांगितलं होतं ते तिला आठवायचं होतं, पण त्या वेळी आपण दोनदा 'हूं' म्हटलं की एकदा, एवढंच तिला आठवत राहिलं.

ती टेकाडापर्यंत गेली.

"अहो, पिलू दिसत नाही," ती म्हणाली.

"हूं," टेकाड्या मान न वळवता म्हणाला.

हुंकार मिळाला होता. बोलणं पुरं झालं होतं.

ती परत आली आणि पुन्हा शोधायला लागली. झुडपाखाली पाहिलं, खड्यांच्या फटी पाहिल्या, खळग्याभोवती दोन फेऱ्या घातल्या. तिचा पाय पडे तिथली माती गप्प होऊन राही. हळूहळू मनातली भीती विरघळली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. पिसं अजून ओली होती. शोधून थकल्यावर माणसं बसतात तशी ती खळग्यात येऊन बसली. दगड पोटाला लागला. तिला यायला फार वेळ झाला होता. उन्हानं तापला असला तरी जित्या उबेच्या हिशेबानं तो पार गार पडला होता. त्याच्या आणि मातीच्या मधल्या फटीत काहीतरी मऊ होतं. गवत आलं असेल वाऱ्यानं.

"पिलू दिसत नाही," तिनं सांगितलं.

"हूं," पोटाखालून आवाज आला.

आवाज आज फारच बारीक होता. गार पडल्यामुळे असेल, असं तिला वाटलं, आणि लवकर ऊब यावी म्हणून ती अंगाचा सगळा भार टाकून त्याच्यावर दाबून बसली.