कोंडाबाईचे विळे आणि आगीतले हात

एक होती लोहारीण. कोंडाबाई तिचं नाव. गावाबाहेर ओढ्याकाठी तिची एकटीची भट्टी. विळा घडवावा तर तिनंच. आणि बरं का, तिची एक रीत होती. विळ्याला मूठ बसवायच्या आधी ती विळा न्यायला आलेल्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायची, दाबून बघायची, मग त्याच मापाची मूठ तासायची. नवरा गेल्यापासून तिच्या हातात कुणाचा हात यायचा तो एवढाच. म्हणून ती तो जरा जास्तच वेळ धरून ठेवायची.

भात्याला मात्र कुणाला शिवू द्यायची नाही. वारा कमीजास्त झाला की पोलाद बिघडतं, म्हणायची. भाता ओढणार तीच, घण घालणार तीच. मग विळे होणार तरी किती?

एकदा काय झालं, ज्वारी लवकर पिकली. पाखरं कणसांवर तुटून पडली. बायका विळ्यांची वाट बघत दारात बसून कंटाळल्या आणि कुरकुरत घरी गेल्या. कोंडाबाई भट्टीपुढं बसून रडली. म्हणाली, "आगीबाई, मला दोन हात दे गं."

मग निखारे हलले. त्यातून दोन हात वर आले, लालभडक. नुसते हात हं, तोंड नाही, डोळे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी भाता ओढला. दुसऱ्या दिवशी घण घातला. तिसऱ्या दिवशी मुठीसुद्धा त्यांनीच बसवल्या. विळ्यांचा हा एवढा ढीग पडला.

बायका आल्या, विळे उचलले, गेल्या. कुणी हात पुढं केला नाही, कुणी घटकाभर टेकलं नाही. कोंडाबाईनं त्या हातांनाच विचारलं, भूक लागली का रे? हात आपले ठोकतच राहिले. फार एकटं वाटलं बाई तिला.

मग चिमा नावाची नवी सून रडत आली. सगळ्या मुठी एकाच मापाच्या आणि हिचा हात इवलासा. विळा सटकला, बोट कापलं. कोंडाबाईनं हळद दाबली, चिंधी बांधली. तो हात हातात धरून स्वतःच रडायला लागली.

"मावशी, लागलंय मला. तुम्ही का रडताय?"

"तुझं माप मी घ्यायला हवं होतं, पोरी."

मग तिनं लाल हातांना नमस्कार केला आणि जा म्हणाली. ते निखाऱ्यात विरून गेले. पण आता सगळ्या मुठी बदलायच्या होत्या. विळ्याचं शेपूट, म्हणजे मुठीत जाणारं टोक, तापवून लाल करायचं, मग लाकडात ठोकायचं. एकटीनं कसं होणार? कोंडाबाई भात्याकडे बघत राहिली.

"चिमे, बऱ्या हातानं भाता ओढशील?"

चिमा भसाभसा ओढायला लागली. कोंडाबाईनं ओठ चावला, पण भाता काही काढून घेतला नाही. "हळू," म्हणाली, "झोपलेलं बाळ श्वास घेतं ना, तसा."

मग बाकीच्या बायकाही आपापले विळे घेऊन आल्या. एक भाता ओढी, एक घण घाली, आणि कोंडाबाई एकेकीचा हात हातात घेई. ज्वारी वेळेत घरी आली, कणग्या भरल्या, सगळे सुखात राहिले. ओढ्याकाठची भट्टी पुन्हा कधी मुकी झाली नाही. चला, आता डोळे मिटा. झोपा बरं.