आभाळवेड

तळ्याचं पाणी पाखरांशी गुजगोष्टी करायचं, त्या काळातली ही गोष्ट. बदामी ही तपकिरी बदकीण सारखी आभाळाकडे बघत बसायची. वैद्य करकोचा म्हणाला, "तपकिऱ्यांना आभाळवेड जडतं. पंख बांधून ठेव."

"पांढऱ्याही बघतात की, वैद्यबुवा!"

"त्या चिंतन करतात."

बदामीला ते पटलं. तिने वेलीने पंख बांधून घेतले.

एका सकाळी इतकं धुकं उतरलं की सगळेच राखाडी दिसू लागले. बदामीने पुन्हा विचारलं, "मला सारखं आभाळ बघावंसं वाटतं. हा आजार आहे का?"

"छे गं! हे तर चिंतन," करकोचा मायेने म्हणाला.

धुकं विरलं. तपकिरी पिसं दिसताच तो गडबडला, "अगं, मग हे वेडच!"

बदामी खुदकन हसली. वेल तोडून ती उंच उडाली, आणि सगळं तळं माना वर करून बघत राहिलं.