पाठमोरा चढणारा हैबती

नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा सुतार राहत होता. एके सकाळी अंगावरून वारं गेलं आणि त्याची डावी बाजू लुळी पडली. रंधा सुटला, पटाशी सुटली. घरात दुसरं कुणी नव्हतं. तालुक्याला थोरली बहीण होती, गोदाक्का, डोळ्यांनी अधू. दर गुरुवारी ती स्टँडवर येऊन बसायची आणि हैबती एसटीने तिला भेटायला जायचा. आठवड्यातून कुणाशी चार शब्द बोलणं म्हणावं, तर ते तेवढंच.

आता लुळ्या पायाने एसटीत चढायचं म्हणजे काय सोपं काम आहे? पण डोकं सुताराचं! तो दाराकडे पाठ करायचा, पायरीवर बूड टेकवायचा, उजव्या हाताने दांडा धरायचा आणि सरकत सरकत वर जायचा. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. मुलाणी कंडक्टर तर तो जागेवर बसेपर्यंत घंटीच देत नसे.

मग वरून हुकूम आला. वारं गेलेल्यांनी एकट्याने प्रवास करायचा तर आधी परीक्षा द्यावी.

मुलाणी म्हणाला, "नाना, देऊन टाका. एकदा कागद हातात आला की तुम्हाला अडवायची कुणाची टाप नाही."

हैबती गेला. एकटाच गेला, एसटीनेच गेला. कचेरीच्या अंगणात लाकडाच्या तीन पायऱ्या मांडल्या होत्या. त्याने सवयीने पाठ फिरवली.

"असं नाही," साहेब म्हणाले. "तोंड पुढे करून चढा."

"साहेब, मी असाच चढतो. आत्ताही असाच आलो."

"कसे आलात ते मी विचारलं नाही. रकान्यात 'सरळ चढतो का' एवढंच आहे."

हैबती सरळ चढायला गेला आणि दुसऱ्याच पायरीवर कोसळला. साहेबांनी त्याला उठवलं, पाणी दिलं आणि कागदावर लिहिलं, 'सोबतीशिवाय प्रवास नाही.' माणूस वाईट नव्हता हो! पण हैबतीला विचारण्यापेक्षा रकान्याला विचारणं त्याला सोपं वाटलं.

परतीच्या गाडीत मुलाणीने हौसेने कागद मागून घेतला. वाचला आणि त्याचं तोंड उतरलं.

"नाना, आज सोडतो. पुढच्या खेपेला कुणाला तरी संगती आणा."

"अरे, सकाळी तूच आणलंस की मला!"

"सकाळी कागद नव्हता, नाना."

संगती कोण येणार? ज्याला त्याला आपापली कामं. गुरुवारी हैबती थांब्यावर जाऊन बसायचा. गाडी थांबायची, मुलाणी दुसरीकडे बघायचा आणि घंटी द्यायचा. तिकडे गोदाक्का शेवटची गाडी जाईपर्यंत स्टँडवर बसून राहायची. निरोप गेला होता, पण तिला तो पटेना. "माझा भाऊ चढतो गाडीत," म्हणायची.

तीन महिन्यांनी एकदाची सोबत मिळाली. शेजारचा दगडू त्याला घेऊन निघाला, गोदाक्काच्या दहाव्याला. मुलाणीने मान खाली घालून दार उघडलं. हैबतीने पाठ फिरवली, पायरीवर टेकला आणि सरकत सरकत वर गेला. दगडूला हात लावायची गरजच पडली नाही.

तात्पर्य: माणसाला काय जमतं ते त्याच्या रोजच्या करणीत पाहावं. समोरचा माणूस सोडून जो कागदाचं ऐकतो, तो भला असला तरी त्याच्या हातून दुसऱ्याचं वाटोळंच होतं.