तलफेच्या घागरीची कहाणी

ऐक जिवतीआई, तुझी कहाणी. आणि तुम्हीही ऐका गं बायांनो. अक्षता घेतल्या का सगळ्यांनी हातात? ए कोपऱ्यातली, कडोसरीवरचा हात काढ आधी. तिथं काय खोचलंय ते मला ठाऊक आहे. कहाणी होईपर्यंत राहू दे तिथंच.

आटपाट म्हणावं एवढं काही ते नगर नव्हतं, सात आळ्यांचं गाव होतं, मधोमध विहीर होती. त्या गावात भिवरा नावाची एक बाई होती. घरी नवरा होता, सासू होती, मथू नावाची सात वर्षांची लेक होती. भिवरेचा गळा मोठा गोड. श्रावणी शुक्रवारी ती कहाणी सांगायला बसली की साती आळ्यांतल्या बाया हातातलं काम टाकून यायच्या. कडेवरचं पोर रडायचं थांबायचं. साठ उत्तरांची कहाणी, पण एक उत्तर गाळायची नाही.

भिवरा लग्न होऊन आली तेव्हा मिश्री कशाशी खातात तिला माहीत नव्हतं. मग एक दिवस सासूबरोबर शेतात भांगलायला गेली. ऊन चढलं, भाकरी यायला वेळ झाला, भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी आली. सासूनं कडोसरीची डबी काढली. म्हणाली, "लाव गं दातांना, भूक मरते." सासूच्या मनात वाईट नव्हतं. तिच्या सासूनं तिला हेच सांगितलं होतं. भिवरेनं लावली, डोकं गरगरलं, बांधावर ओकली. दुसऱ्या दिवशी परत लावली. तिसऱ्या दिवशी आपण होऊन मागितली.

मग काय झालं? एका वेळेच्या तीन झाल्या, तिनाच्या नऊ झाल्या. दर आठवड्याला तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की चुरायची, डबी भरायची. घरभर धूर कोंडायचा, मथू खोकत खोकत परड्यात पळायची.

श्रावण आला. भिवरेनं जिवतीचा वसा घेतला, लेकीला आयुष्य मागितलं. कहाणी झाल्याशिवाय धान्याचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. पण मिश्री? अगं बाई, मिश्री काय खायची असते? ती लावायची, थुंकायची. उपासाला चालते! हसता काय? तुम्हीही हेच म्हणता. मी चौतीस वर्षं हेच म्हणत होते.

जिवतीआई दर शुक्रवारी यायची. उंबऱ्याशी यायची, देव्हाऱ्याशी यायची, भिवरेच्या तोंडाशी आली की तंबाखूचा वास यायचा, तशीच माघारी फिरायची.

पहिल्या श्रावणात भिवरेला तिखट सोसेना. घास तोंडात घातला की आग आग व्हायची. भिवरा म्हणाली, "उन्हाळा बाधला असेल." दुसऱ्या श्रावणात गालाच्या आत पांढरा चट्टा उठला, तोंडात दोन बोटांवर तिसरं जाईना. भिवरा म्हणाली, "कोणाची तरी नजर लागली." तिसऱ्या श्रावणात गालात जखम झाली, ती भरेना. एकच बोट जायला लागलं, तेही मिश्री लावायचं. साठ उत्तरांतली तीस सांगून झाली की जबडा धरायचा. बाया उठून जायच्या. जाता जाता म्हणायच्या, "भिवरेला गर्व झालाय, अर्धीच सांगते." भिवरेला ते फार लागायचं. लागलं की आणखी एक बोट लावायची.

मग एका शुक्रवारी काय झालं? दुपारची वेळ. पोटात कण नाही, डोकं ठणकतंय. भिवरेनं डबी शोधली, डबी जागेवर नाही. कोनाड्यात नाही, उशाला नाही. परड्यात गेली, तर शेवग्याखाली मथू उकिडवी बसलेली. ओठ काळे, दात काळे, पुढ्यात डबी.

भिवरा म्हणाली, "अगं कार्टे, हे काय करतेस?"

मथू म्हणाली, "आई, मीपण आज उपास धरलाय, तुझ्यासारखा. भूक लागली गं. ही चालते ना उपासाला?"

भिवरेनं मारायला हात उगारला. उगारलेल्या हाताचं बोट काळं होतं. हात तसाच खाली आला. तिला मोठ्यानं हंबरडा फोडायचा होता, पण फोडायला तोंड उघडेना. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहिलं.

तेवढ्यात दाराशी एक म्हातारी आली. म्हणाली, "बाई गं, घोटभर पाणी दे." भिवरेनं डोळे पुसले, तांब्या भरून दिला. म्हातारी प्याली, बसली. म्हणाली, "रडतेस कशाला?" भिवरेनं ओळखलं, ही काही साधीसुधी नव्हे. पाय धरले. म्हणाली, "तीन श्रावण तुझा उपास केला. कण खाल्ला नाही, थेंब प्याले नाही. माझ्या तोंडाचं हे असं का केलंस?"

"मी कशाला करीन गं? मी तुझ्या तोंडाशी येऊन येऊन माघारी गेले. केलं ते त्या डबीनं."

"माझं जाऊ दे. माझ्या मथूचं बोट धुऊन दे."

"ते मला धुता येत नाही. तुझं बघून धरलंय तिनं, तुझं बघूनच सुटेल."

मग भिवरा म्हणाली, "मला वसा सांग." म्हातारी म्हणाली, "कठीण आहे. घेशील नि चार दिवसांत टाकशील." भिवरा म्हणाली, "घेईन, पाळीन."

"तर ऐक. आधी दिवस धरावा. उद्या-परवा म्हणू नये, अमुक वारी म्हणावं, नि त्या वारी उजाडताच डबी परड्यात पुरावी. घरी सांगावं, आळीत सांगावं, विहिरीवर सांगावं. गुपचूप सोडली की गुपचूप परत धरता येते. मग तलफ येईल. बाळंतपणाची कळ आठव. येते, चढते, आता जीव जातो वाटतं, नि उतरते. तलफही तशीच उतरते, कोणाची कायमची चढून राहत नाही. ती आली की घागर घ्यावी, विहिरीवर जावं, भरून घरी आणावी. तेवढ्यात उतरते. नाही उतरली तर दुसरी आणावी. दाढेखाली बडीशेप धरावी. जिथं डब्या उघडतात तिथं काही दिवस बसायला जाऊ नये. चिडचिड होईल, रडू येईल, झोप उडेल; घरच्यांनी तेवढं सोसावं. आणि वैद्याला तोंड दाखवावं, लाजू नये."

"आणि मोडला तर?"

"तर तोंड धुवावं नि त्याच घटकेला परत धरावा." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

मग भिवरेनं दिवस धरला, डबी पुरली, विहिरीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. तलफ आली, घागर आणली. परत आली, परत आणली. पहिल्या दिवशी एकवीस घागरी झाल्या. रांजण भरला, हंडे भरले, गुरांची डोण भरली, तुळशीचं आळं वाहून गेलं. घरची भांडी संपली तशी शेजारणींची भरायला लागली. मथू मागून लहान कळशी घेऊन चालायची. तिची तलफ लहान, तिची कळशी लहान. सासू म्हणाली, "पाण्याचं भूत लागलंय हिला." दुसऱ्या दिवशी हात थरथरले, घागर निसटली. तिसऱ्या दिवशी तर भाकरीत मीठ कमी म्हणाला म्हणून भिवरेनं नवऱ्यावर परात भिरकावली! नवरा ओट्यावर विडी ओढत बसला होता, तो उठून गेला. आठवड्यानं तोही घागर घेऊन विहिरीवर आला. बाया हसल्या. हसेनात का.

नवव्या दिवशी शेजारी बारसं होतं. पाळणा म्हणून झाला, डब्या निघाल्या. एकीनं आग्रह केला, "एवढीशी लाव गं, बारशाला नाही म्हणू नये." भिवरेनं लावली. घरी आली नि भिंतीकडं तोंड करून बसली. "मोडला माझा वसा. आता कशाला पाळायचा?" म्हातारीचं सांगणं ती पार विसरली होती. पण मथूनं दाराआडून ऐकलेलं होतं. तिनं आईपुढं तांब्या ठेवला, मोठी घागर ओढत ओढत आणून ठेवली. म्हणाली, "आई, तोंड धू. चल." भिवरा उठली.

एकविसाच्या दहा झाल्या, दहाच्या दोन झाल्या. मग एक दिवस घागर कोपऱ्यातच राहिली, नि ते संध्याकाळी ध्यानात आलं. मथूचे दात पांढरे झाले. भिवरेनं तिचं तोंड परत परत उघडून ते पाहिले.

आता सगळं गोड झालं म्हणाल. नाही झालं बायांनो. वैद्यानं तोंड पाहिलं. म्हणाला, "जखम भरेना तेव्हाच यायचं होतंस गं. पहिली आग झाली तेव्हाच यायचं होतंस." नि औषध कुटायला बसला. औषधानं आग कमी झाली, तोंड काही उघडलं नाही. भिवरा पेजेवर आली. गळ्याशी गाठ आली.

चौथा श्रावण आला. शुक्रवारी साती आळ्यांतल्या बाया जमल्या. जिवतीआई आली. उंबऱ्याशी आली, देव्हाऱ्याशी आली, भिवरेच्या तोंडाशी आली. वास नव्हता. ती तिच्या जिभेवर बसली. भिवरेला साठ उत्तरं सांगायची होती, ओठ पाचांपुरते उघडले. ती म्हणाली,

"डबी पुरली."
"घागर आणली."
"चुकले."
"परत धरला."
"मथू, तू लावू नको."

पुढं रक्त आलं. मथूनं पदर धरला. भिवरेला गर्व झालाय म्हणणाऱ्या बाया ढसाढसा रडल्या.

पाचव्या श्रावणाला भिवरा नव्हती. अकरा वर्षांची मथू पाटावर बसली, साठच्या साठ उत्तरं सांगितली. कहाणी झाल्यावर आया लेकरांना ओवाळायला उठल्या, मथूला ओवाळायला कोणी उठेना. मग सासू उठली, भिवरेची सासू. तबक घेतलं, पण हात चालेना. कडोसरीची डबी काढली, चाळीस वर्षांची, नि तबकात ठेवली. म्हणाली, "मीच दिली होती गं तिला. भुकेला." नि मटकन खाली बसली. मथू उठली. आत गेली, आपली लहान कळशी आणली, नि आजीच्या हातात दिली.

आजीला त्या दिवशी सोळा खेपा पडल्या.

जशी मथूची वाचा राहिली तशी तुमच्या लेकीबाळींची राहो. जशी आजीला चाळीस वर्षांनी कळशी मिळाली तशी तुम्हांला वेळेत मिळो. जिची डबी तिनं डबीचा, ज्याची विडी त्यानं विडीचा वसा धरावा. मोडला तर तोंड धुवावं, परत धरावा. टाका अक्षता. आणि तू गं कोपऱ्यातली, रडू नकोस, घागर दाराशीच ठेवलीय.

भिवरेच्या पोटात साठ उत्तरं होती, पाच ओठांवर आली, उरलेली लेकीनं पुरी केली. ती ही कहाणी, तुम्ही ऐकलीत तशी सुफळ होवो, संपूर्ण होवो.