साळिंदराचा खेळ आणि कावळ्याचा रंग

फार जुनी गोष्ट. रानातले प्राणी तेव्हा नवेनवे खेळ रचायचे. खेळून आलेला प्रत्येकजण कावळ्याला काहीतरी द्यायचा. खेळ आवडला तर लाल फूल, नाही आवडला तर हिरवं पान. कावळा ते सगळं एकत्र वाटून वडाच्या खोडाला फासायचा. तो रंग बघूनच बाकीचे जायचं की नाही ते ठरवायचे.

एकदा साळिंदरानं खेळ रचला. डोळे मिटायचे आणि त्याच्या काट्यांच्या खुळखुळाटामागून चालायचं. हरिणीनं खुशीत पळसाचं फूल दिलं. हत्ती मात्र झाडावर आपटला, त्यानं पानं दिली. खोडावर रंग उमटला मातकट.

मग कुणी फिरकलंच नाही. हरिणीलाही वाटलं, 'मलाच उगाच आवडला की काय!'

साळिंदर एकटंच बसून राहिलं. तेवढ्यात चिचुंद्री आली. तिला बिचारीला रंग कुठले दिसायला?

"साळिंदरदादा, खेळू या ना!"

काटे खुळखुळले, चिचुंद्री खिदळली. ते ऐकून हरिणीला राहवेना. ती धावत आली आणि डोळे मिटून मागोमाग चालू लागली.

"अगं, आज काय देतेस? फूल की पान?" कावळ्यानं वरून विचारलं.

"थांब रे," हरिणी म्हणाली, "आत्ता डोळे मिटलेत माझे."